उकळलेला जोडीदार: पडवीत बसून प्रोटीनची घडी आणि एन्झाइमचं काम कसं बघायचं

मी मास्तर नाही. चोपडा तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होतो. सर फळ्यावर शिकवायचे, मी नळ्या धुवायचो. पण प्रयोग नेमका कुठे फसतो, हे नळ्या धुणाऱ्यालाच आधी कळतं. गेल्या उन्हाळ्यात भाची बारावीचा अभ्यास घेऊन आमच्याकडे राहायला आली. चौथ्या दिवशी पुस्तक आपटून म्हणाली, "मामा, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, क्वाटर्नरी, सगळं पाठ आहे. पण ते असतं कसं, ते काही डोळ्यासमोर येत नाही." त्यानंतर आठ-दहा दिवस पडवीत जे मांडलं, ते इथे लिहितो. पुस्तकात प्रथिन आणि विकर असे शब्द आहेत, तोंडात मात्र प्रोटीन आणि एन्झाइमच बसलंय, म्हणून तेच ठेवतो. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, घडी घालून बसलेली, आणि भाचीची ती चार इंग्रजी नावं म्हणजे त्या रचनेच्या चार पायऱ्या. एन्झाइम म्हणजे सजीवांतली रासायनिक कामं वेगानं करून देणारं प्रोटीन.

सुरुवातीलाच एक नियम. कुठलाही प्रयोग करा, शेजारी त्याचा जोडीदार ठेवायचा: तेच सामान, तेवढंच पाणी, फक्त एन्झाइम असलेला जिन्नस आधी उकळून घेतलेला. जोडीदार नसेल तर तुम्ही जे बघितलं ते एन्झाइमनं केलं की उन्हानं, हे सांगता येत नाही. कॉलेजात पोरं ही दुसरी नळी नेहमी टाळायची, कारण ती धुवायची एक वाढते. धुणारा मी होतो, तरी सांगतो, टाळू नका.

माळ करा

आमच्याकडे बैल गेले, पण पोळ्याच्या बाजारात घेतलेले त्यांच्या गळ्यातले मणी डब्यात राहिले. पिवळे, निळे, थोडे लाल. तुमच्याकडे नसतील तर कुठलेही सेंटिमीटरभर जाडीचे मणी चालतील. दोरा नको, दोऱ्याला घडी धरून ठेवता येत नाही. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर घ्या, पाऊण मीटर. चाळीस मणी ओवा, दोन मण्यांत अर्धा सेंटिमीटर तार मोकळी सोडा आणि प्रत्येक मण्यामागे गोंदाचा थेंब टाका, नाहीतर सगळे मणी एका टोकाला जमा होतात. आमचे झाले.

पिवळा मणी म्हणजे तेलकट अमिनो आम्ल, पाण्याला नको असलेलं. व्हॅलिन, ल्युसिन वगैरे. निळा म्हणजे पाण्यात रमणारं. लाल म्हणजे सिस्टीन, ज्याला गंधक असतं आणि दुसऱ्या सिस्टीनशी गाठ मारता येते. खऱ्या प्रोटीनमध्ये अशी वीस प्रकारची अमिनो आम्लं येतात, पण वीस रंग घेऊन बसलात तर रंगच पाठ करत राहाल.

ओवताना क्रम महत्त्वाचा. पहिल्या अठरा मण्यांत १, ४, ८, ११, १५ आणि १८ हे पिवळे ठेवा, बाकी निळे, मधे कुठेतरी एक लाल. नंतरचे चार मणी निळे, हा वळणाचा भाग. मग आठ मणी एकाआड एक पिवळा-निळा, दोन निळे वळणाला, आणि परत आठ एकाआड एक. या शेवटच्या पट्ट्यांत कुठेतरी एक निळा काढून लाल घाला. एवढा क्रम लिहून ठेवलात की प्रायमरी स्ट्रक्चर संपलं. ते एवढंच आहे, मण्यांची यादी. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची अशी यादी, ५१ मण्यांची, पहिल्यांदा पूर्ण लावली आणि १९५८ चं नोबेल त्यावर मिळवलं. तोवर प्रोटीनला असा ठराविक क्रम असतो की नाही, यावरच लोक वाद घालत होते.

आता पहिले अठरा मणी पेन्सिलीवर गुंडाळा. एका फेऱ्यात साधारण साडेतीन मणी बसले पाहिजेत, खरा आकडा ३.६. ही अल्फा हेलिक्स. पेन्सिल काढून तो मळसूत्रासारखा तुकडा हातात फिरवा. भाचीनं फिरवला आणि म्हणाली, "अरे, पिवळे सगळे एकाच बाजूला!" यासाठीच तो १, ४, ८, ११ चा खटाटोप होता. एका अंगानं तेलकट, दुसऱ्या अंगानं पाण्याचा. लायनस पॉलिंग १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीनं अंथरुणात पडले होते, तेव्हा त्यांनी कागदावर साखळी काढून कागदच दुमडत दुमडत या मळसूत्राचा माग काढला. छापलं १९५१ मध्ये. तुमच्या हातात तर तार आहे.

उरलेल्या दोन पट्ट्या नागमोडी करा आणि वळणावर दुमडून शेजारी शेजारी ठेवा. इथे पिवळे एका अंगाला आणि निळे दुसऱ्या अंगाला आपोआप जातात, म्हणूनच एकाआड एक. ही बीटा शीट. मळसूत्र आणि शीट मिळून सेकंडरी.

मग खरी गंमत. मळसूत्राची पिवळी बाजू शीटच्या पिवळ्या बाजूवर झोपवा. बाहेरून बघितलं की जवळजवळ सगळा निळाच गोळा दिसतो, पिवळं पोटात. ही टर्शरी. लोक म्हणतात तेलकट मणी एकमेकांना ओढतात. तसं फारसं नाही. पाण्यालाच ते नको असतात. डाळीच्या पाण्यावर तेलाचे चार थेंब टाका, थोड्या वेळानं दोन होतात, मग एक. तेलाला तेल आवडतं म्हणून नव्हे, पाणी आपली आपसातली धरपकड सोडत नाही म्हणून. दोन लाल मणी जवळ आले असतील तर त्यांना सेफ्टी पिन लावा. ही गंधकाची गाठ.

आणि आता गोळा झाल्यावर एक काम करा, कारण सगळा लेख त्यावर उभा आहे. गोळ्यात जे दोन मणी एकमेकांना टेकलेत पण माळेत लांब आहेत, असे शोधा. आमच्या माळेत सातवा आणि पस्तिसावा टेकले. दोघांना हिरवा दोरा बांधा. मग पिन काढा आणि तार सरळ ओढा. हिरवे दोरे कुठल्या कुठे गेले बघा. माळ तुटली नाही, मणी एकही हरवला नाही, पण ती जागा राहिली नाही.

अंडं, ओट्याबाहेर

आमच्या घरात अंडं येत नाही. आईनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "मन्हा चुल्हावर अंडं नको." म्हणून अंगणात विटांवर पातेलं मांडलं. अंड्याचा पांढरा बलक वेगळा काढा. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि दहा टक्के प्रोटीन असतं. तीन काचेच्या ग्लासांत थोडा थोडा घ्या. एकात सर्जिकल स्पिरिट ओता: लगेच पांढऱ्या गुठळ्या. दुसरा गरम पाण्यात ठेवा आणि थर्मामीटर लावा: साठ-बासष्टला दूधट दिसायला लागतो, ऐंशीच्या पुढे घट्ट वडी. कारण त्यात प्रोटीन एक नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाची घडी वेगळ्या तापमानाला सुटते. सगळ्यात जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन उशिरा हार मानतं. तिसरा ग्लास तसाच ठेवा.

घडी सुटली की पोटातले पिवळे मणी बाहेर येतात, शेजारच्या साखळीच्या पिवळ्यांना चिकटतात, आणि जाळं होतं. पांढरं दिसतं ते जाळं. अंडं नकोच असेल तर लिंबू पिळून दूध नासवा, पण दोन्ही एकच आहे असं समजू नका. दुधातलं केसिन घडी सुटून जमत नाही. लिंबानं त्याच्या गोळ्यांवरचा विद्युतभार जातो, पीएच ४.६ च्या जवळ ते एकमेकांना ढकलायचं थांबतात आणि खाली बसतात. या दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळलेल्या मी किती जर्नलांत पाहिल्या, मोजदाद नाही.

सुटलेली घडी परत बसते का? शिजलेल्या बलकाची पातेल्यात नाही बसत, गुंता फार. पण साखळ्या विरळ असतील तर बसते. ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं एन्झाइम घेतलं, त्याच्या चारही गंधकाच्या गाठी सोडवल्या आणि ८ मोलर युरियात उलगडलं. काम बंद. मग युरिया हळूहळू काढून हवेत ठेवलं, तर ते आपलं आपण घडी घालून परत कामाला लागलं. आठ सिस्टीनच्या जोड्या लावायच्या १०५ रीती होतात, त्यांतली एकच बरोबर; तीच सापडली. घडीचा नकाशा मण्यांच्या क्रमातच असतो, हे त्यातून ठरलं. १९७२ चं नोबेल. ८ मोलर म्हणजे किती, असं भाचीनं विचारलं. लिटरला ४८० ग्रॅम. तोच युरिया, जो तिच्या बापाच्या शेडमध्ये ४५ किलोच्या गोणीत पडलाय.

हळदीचा कागद आणि युरिया

गोणी निघालीच आहे तर हा प्रयोग करून घ्या. माझा सगळ्यात लाडका, आणि खर्च शून्य.

चमचाभर हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा. पाण्यात नको, हळदीचा रंग पाण्यात धड उतरत नाही. वरचा पिवळा द्रव घेऊन त्यात वहीच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. आपल्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करायचे, ते तत्त्व इथे वापरायचं: अल्कली लागली की हळद लाल.

कच्चं सोयाबीन, मूठभर, मिक्सरमधून काढा. भाजलेलं नको, सोया वड्या तर नकोच. दोन ग्लासांत अर्धा अर्धा पाणी, प्रत्येकी चमचाभर युरिया विरघळवा. एकात चमचाभर कच्चं पीठ. दुसऱ्यात तेच पीठ, पण थोड्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गार केलेलं. दोन्हींत हळदीची एकेक पट्टी बुडवून कडेला चिकटवा, वर बशी झाका, आणि चहा पिऊन या. कच्च्या पिठाच्या ग्लासातली पट्टी विटकरी होत जाते. बशी उचलली की गोठ्यासारखा अमोनियाचा वास. उकळलेल्याची पट्टी पिवळीच.

सोयाबीनमध्ये युरिएज हे एन्झाइम असतं, ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. शेतात वर फेकलेला युरिया पाणी द्यायला उशीर झाला की उडून जातो, त्यामागेही हेच एन्झाइम, तिथे मातीतल्या जिवाणूंचं. एन्झाइम नसेल तर युरिया साध्या पाण्यात वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला असता.

आणि हे साधं एन्झाइम नाही. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, हे पहिल्यांदा यावरच दिसलं. अमेरिकेत जेम्स समनर नावाचे एक गृहस्थ होते. सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात डावा हात गेला, आणि ते होते डावखुरे. लोकांनी सांगितलं, एका हातानं रसायनशास्त्र होत नाही. त्यांनी १९१७ पासून नऊ वर्षं जॅक बीनच्या बियांचं पीठ केलं, गाळलं, थंड केलं, फेकलं, पुन्हा केलं. जॅक बीन म्हणजे आपल्या अबईच्या कुळातला वेल. १९२६ मध्ये त्यांच्या नळीत युरिएजचे स्फटिक दिसले, आणि ते निघाले प्रोटीन. जर्मनीतले मोठमोठे रसायनज्ञ मानायला तयार नव्हते, कारण त्यांच्या मते प्रोटीन नुसतं सोबतीला होतं, काम करणारा वेगळाच कोणीतरी. नोबेल आलं १९४६ मध्ये. ज्युनिअर कॉलेजात नळ्या धुताना हात दुखले की मला हा माणूस आठवायचा.

थुंकी, पेज आणि माझी फजिती

तांदळाची पातळ पेज गाळून गार करा. गार म्हणजे गार, कारण स्टार्चवर आयोडीननं येणारा निळा रंग गरम पाण्यात टिकत नाही, आणि पोरांना वाटतं स्टार्च पचलं. मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून कोऱ्या चहाच्या रंगावर आणा. चूळ भरा, मग दोन चमचे कोमट पाणी मिनिटभर तोंडात धरून वाटीत सोडा. ही थुंकी चमचाभर पेजेत घाला. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आयोडीनचे दहा थेंब ओळीनं टाकून ठेवा आणि दर मिनिटाला पेजेचा एक थेंब एकेका टिकलीवर टाकत जा. आधी निळाशार, मग जांभळट, मग तांबूस, शेवटी नुसता चहाचा रंग. जोडीदारात उकळलेली थुंकी. तिथे शेवटपर्यंत निळं.

पुस्तकात लिहिलंय ३७ अंश ठेवा. आमच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात पंख्याखाली बेचाळीस असायचं, तेव्हा वॉटर बाथ कसला लावता. लाळेतला अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम, तिथेही मजेत काम करतो.

आता फजिती. एका वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेत आम्लाचा परिणाम दाखवायचा होता आणि व्हिनेगर संपलेलं. मी शहाणपणा केला, घरून लिंबं नेली. आम्लात अमायलेज थंडावतो, म्हणजे निळा रंग राहायला हवा. झालं उलटं. लिंबाच्या नळीत आयोडीन पडलं की क्षणात रंग गायब. चोवीसच्या चोवीस पोरांनी लिहिलं, आम्लात एन्झाइम सर्वांत वेगानं काम करतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उत्तरपत्रिका चाळल्या, चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी एकटाच बसलो आणि नुसत्या आयोडीनमध्ये, पेज नाही, थुंकी नाही, लिंबाचा थेंब टाकला. रंग गेला. लिंबातलं व्हिटॅमिन सी आयोडीनलाच रंगहीन करतं, एन्झाइमचा काही संबंध नव्हता. लिंबू असलेली आणि थुंकी नसलेली एक नळी आधी लावली असती तर तिथेच कळलं असतं. तेव्हापासून मी जोडीदाराचा असा कट्टर. तुम्ही व्हिनेगर वापरा.

आयोडीन काढलंच आहे तर कच्च्या केळ्याची एक चकती आणि पिकलेल्याची एक, दोन्हींवर टाका. कच्ची काळीठिक्कर, पिकलेली जेमतेम डागाळते. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू देऊन हेच घडवतात: केळ्यातले अमायलेज जागे होतात, स्टार्चची साखर होते, पेक्टिन फोडणारे एन्झाइम गर मऊ करतात. चेंबर १६ ते १८ अंशांवर ठेवतात. १३ च्या खाली गेलं की साल काळवंडते, हे सावदा-रावेरकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीनं शिकवलेलं आहे.

फेसाचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुतेक सहा टक्के असतं, तेवढंच पाणी घाला, हातमोजे घाला. कच्च्या बटाट्याचा कीस टाका, फेस उसळतो. भांड्याच्या साबणाचा थेंब असेल तर फेस टिकतो. त्यात विझत आलेली अगरबत्ती धरा, ती टवकारून पेटते, कारण फेसात ऑक्सिजन आहे. उकडलेल्या बटाट्याला फेस नाही. हे कॅटालेज, सगळ्यांत चपळ एन्झाइमांपैकी एक, एकेक रेणू सेकंदाला लाखांनी पेरॉक्साइड फोडतो. बाटली उन्हाळाभर कपाटावर पडलेली असेल तर फेस येणार नाही. बटाट्याला दोष देऊ नका.

शेंगा फोडा

माल वाढत गेला की एन्झाइमचा वेग कसा बदलतो, तो पुस्तकातला वाकडा आलेख समजायला भुईमुगाच्या शेंगा पुरतात. चटईवर शेंगा पसरा, डोळे बांधा, एका मिनिटात जेवढ्या सापडतील तेवढ्या फोडा. भाची एन्झाइम, शेंगा तिचा माल, मी घड्याळ. ५ शेंगा पसरल्या तर ४ फुटल्या. १० ला ८, २० ला १२, ४० ला १५, ८० ला १६. पुढे कितीही पसरा, हात दोनच. ग्राफ पेपरवर टिंबं मांडा, आलेख आधी चढतो आणि मग आडवा होतो. आडव्या रेषेची उंची म्हणजे व्हीमॅक्स. त्याच्या निम्मा वेग, म्हणजे मिनिटाला ८, साधारण १० शेंगांवर मिळाला, तो केएम. केएम लहान म्हणजे थोड्या शेंगांतही एन्झाइमला माल सापडतो. लिओनॉर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर हेच मोजलं.

मग मी गुपचूप पोचट शेंगा मिसळल्या. चांगल्या २०, पोचट २०. भाची उचलायची, फोडायची, आत काही नाही, चरफडायची. १२ वरून ८ वर आली. पण चांगल्या ८० केल्या आणि पोचट तेवढ्याच ठेवल्या, तर १५. "मामा, हे तर कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशन!" हो. दिसायला माल, हातात बसतो, जागा अडवतो, फुटून देत काही नाही. आणि खरा माल वाढवला की त्याचा जोर कमी होतो. आईनं दाणे गोळा करून संध्याकाळी ठेचा केला.

वडिलांचं मनगट

आता पपई. शहाद्याकडून पपईचे ट्रक भरून जातात, पण आपल्याला कच्ची, झाडाला लागलेली हवी. सकाळी लवकर तिच्या सालीला ब्लेडनं उभ्या दोन-तीन चिरा द्या, हातमोजे घालून, कारण तो चीक कातडी सोलतो. अर्धा चमचा चीक पाव वाटी कोमट पाण्यात घ्या. त्यात पपेन असतं, प्रोटीन कापणारं एन्झाइम, २१२ मण्यांची एकच माळ.

याला कापायला जेली देतात, पण आपल्या दुकानांतली बहुतेक जेली शाकाहारी, म्हणजे शेवाळापासून केलेली. तिच्यात प्रोटीनच नाही, पपेन वाट बघत बसतं. त्यापेक्षा जुना एक्स-रे शोधा. जुनाच हवा, डार्करूममध्ये धुतलेला; हल्ली प्रिंटरमधून कोरडे निघतात ते चालत नाहीत. जुन्या फिल्मवर चांदीचे काळे कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात, दोन्ही अंगांना. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं उकळलेलं कोलॅजन. कोलॅजनच्या तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींत पिळलेल्या असतात, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ पासून मांडलं.

आमच्याकडे वडिलांच्या मनगटाचा एक्स-रे होता, मळ्यात विहिरीवरून घसरले तेव्हाचा. ते जाऊन बारा वर्षं झाली. भाचीनं विचारलं, कापू का? म्हटलं, काप. दोन पट्ट्या, दोन वाट्या. दुसऱ्या वाटीतलं चिकाचं पाणी आधी उकळून घेतलेलं, आणि पाच मिनिटं नाही, चांगली वीस. पपेन फार चिवट आहे, साठ अंशांवर तर ते ऐन भरात असतं. त्याच साठ अंशांत बटाट्याचं कॅटालेज आटोपतं. म्हणून "एन्झाइमला ३७ लागतं" हे वाक्य जिथे दिसेल तिथे खोडा.

वाट्या उन्हात ठेवल्या. अर्ध्या तासानं पहिल्या पट्टीच्या कडेचा काळा रंग सुटायला लागला. तासाभरात बोटानं हलकेच पुसलं तर राखाडी गाळ घसरून खाली आला, आधी एका अंगाचा, मग दुसऱ्या अंगाचा, आणि मनगटाची ती बारकी हाडं होती तिथे निळसर आरपार प्लास्टिक उरलं. दुसऱ्या वाटीत हाडं जशीच्या तशी.

मग मी ती तारेची माळ परत आणली. पपेनच्या घडीला दोन गठ्ठे आहेत आणि मधे एक फट. कापायचं काम त्या फटीत होतं, आणि ते मुख्यतः दोन मणी करतात: २५ वा सिस्टीन आणि १५९ वा हिस्टिडिन. माळेत दोघांत शंभरावर मण्यांचं अंतर. घडीनं त्यांना शेजारी आणलं म्हणून काम होतं. उकळलं की पंचविसावा इकडे, एकशे एकोणसाठावा तिकडे, आपल्या हिरव्या दोऱ्यांसारखे. "उष्णतेनं एन्झाइम मरतं" असं पोरं लिहितात. मरायला ते जिवंत कधी होतं? त्याची जागा मोडते.

त्या फटीबद्दल कुलूप-किल्लीचं चित्र सगळ्या पुस्तकांत आहे: फट म्हणजे कुलूप, माल म्हणजे किल्ली, आकार जुळला तरच बसते. एमिल फिशर यांचं, १८९४ चं. वाईट नाही, पण लोखंडी आहे. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी सुचवलं की माल आत आला की जागा स्वतःही थोडी हलते. मी पोरांना सुतळीची बाज दाखवायचो. बसलं की तुमच्या बैठकीच्या आकाराला दबते, उठलं की परत ताणते, पुढचा माणूस बसायला मोकळी.

क्वाटर्नरी राहिलं. त्यात घडी घातलेल्या एकाहून जास्त माळा एकत्र बसतात, हिमोग्लोबिनला चार लागतात, आमच्याकडे मणी एकीचेच, म्हणून भाचीनं चार मुठी एकमेकींत अडकवलेलं चित्र काढलं. हिमोग्लोबिन: १४१ मण्यांच्या दोन साखळ्या, १४६ च्या दोन. त्या १४६ वाल्या साखळीत सहाव्या जागेवर निळा मणी, ग्लुटामेट, असायला हवा. तिथे पिवळा, व्हॅलिन, आला की गोळ्याच्या बाहेरच्या अंगावर एक तेलकट ठिपका तयार होतो. ऑक्सिजन उतरला की तो शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटतो, तो पुढच्याला, दोर वळत जातो, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेल. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये हा एका मण्याचा फरक शोधला. सातपुड्याच्या अंगाला, धडगाव-अक्कलकुव्याकडे हा आजार घरोघरच्या बोलण्यातला आहे. आश्रमशाळांत पहिली तपासणी करतात ती अशीच, नळीतून बघायची: रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे रेघांचं कार्ड धरायचं. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. भाचीनं माळेतला सहावा मणी, जो निळाच होता, काढून पिवळा घालून बघितला. मणी काढायला गोंद फोडावा लागला, तिथली तार आता जरा वाकडीच राहिली आहे.

आवरताना: पेरॉक्साइड आणि आयोडीन भरपूर पाणी घालून मोरीत, युरियाचं पाणी केळीच्या बुडाशी, अंड्याचं पातेलं अंगणातल्या नळावर आणि घासणी वेगळी. प्रयोगातलं काहीही चाखायचं नाही, मोड आलेली ज्वारी घेतली असेल तर अजिबात नाही. कोवळी ज्वारी गुरांना बाधते ती त्यातलं एक एन्झाइम चावताक्षणी सायनाइड मोकळं करतं म्हणून. आरपार झालेली ती एक्स-रेची पट्टी भाचीनं धुऊन वहीत ठेवली, आणि दुसरी, हाडांची, मी कपाटात.